समुद्र डाव्या हाताला

सायकलवाला थांबला नाही, त्याने वळूनही बघितलं नाही. त्याच्या हँडलचं टोक बायकोच्या डाव्या कोपराला घासून गेलं, तिच्या हातातली कापडी पिशवी सुटली आणि आतली संत्री फुटपाथच्या उतारावरून एकामागून एक, कुणी बोलावल्यासारखी, खाली निघाली. नवरा त्या वेळी बोलत होता. सहाव्या दिवसाबद्दल बोलत होता. सहाव्या दिवशी रस्ता कसा कड्याच्या अंगावर चढतो, वरच्या वळणावर मोटारसायकल लावायला दगडी कठडा कसा आहे, तिथे अर्धा तास कसा राखून ठेवलाय, हे सगळं उजवा हात हवेत फिरवून सांगत होता. वाक्य पुरं झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती शेजारी नाही, मागे वाकून संत्री गोळा करतेय. "काही नाही झालं," ती म्हणाली. "एकच गेलं गटाराच्या जाळीत. तुम्ही बोला ना, कठड्यापाशी काय?" तिने कोपर चोळलं, तेही त्याला दिसणार नाही अशा बेताने. पण नेमकं तेच त्याला दिसलं. तो तिच्या उजवीकडून चालत होता.

आता कुणी म्हणेल, नवरा बायकोच्या कुठल्या बाजूने चालतो त्यात एवढं काय. त्यात एवढं होतं. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती उठली आणि म्हणाली, "अहो, खिडकीचा एक पडदा कुणी लावला?" पडदा कुणीच लावला नव्हता. डाव्या डोळ्यामागच्या एका बारीक शिरेत रक्त अडकलं होतं म्हणे, आणि दुपारी डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर तो डोळा गेला होता. बाहेरून काही कळत नाही. डोळा आहे तसाच आहे, तपकिरी, हसताना बारीक होणारा. फक्त बघत नाही. डॉक्टर भला माणूस. "उजवा ठणठणीत आहे, त्याला जपा," एवढंच म्हणाला, आणि ते 'जपा' तेव्हापासून घरात मुक्कामालाच आलं. मग तो तिची डावी बाजू झाला. रस्त्याने डावीकडून चालायचं, दुकानात डावीकडे उभं राहायचं, कुणाकडे जेवायला गेलं की डावीकडची खुर्ची पकडायची. मेहुणी एकदा म्हणाली, "भावोजी हल्ली तुला चिकटूनच असतात बाई," आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. तोही हसला, पण खुर्ची सोडली नाही. पलंगाचीसुद्धा बाजू त्याने बदलून घेतली होती, सव्वीस वर्षांची बाजू, आणि पहिला महिनाभर रोज सकाळी चुकीच्या अंगाने उतरून भिंतीला पाय आपटला होता. आणि आता हे असं. कधीपासून चालतोय आपण उजवीकडून? आज? या आठवड्यात? की सहलीचा आराखडा सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे सहा आठवडे? त्याला आठवेना. आणि वेळ न आठवणं ही त्याच्या बाबतीत फार मोठी गोष्ट होती.

तो मागून वळसा घालून गुपचूप तिच्या डावीकडे आला. तिला ते दिसलं नाही, दिसणार कुठून, पण कळलं. आतापर्यंत मजेत 'हं, मग?' करणारी ती एकदम समोरच्या दिव्याच्या खांबांकडे बघत चालायला लागली, आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान येईपर्यंत सहावा दिवस तसाच कठड्यावर अडकून राहिला. त्या दुकानात ती एकवीस वर्षं रफूचं काम करत होती. सिगारेटने जळलेला कोट असा रफू करायची की कोटाच्या मालकालाच भोक कुठे होतं ते सापडत नसे. डोळा गेल्यावर दुकानदार म्हणाला, आता घरी आराम करा. ही म्हणाली, "एका डोळ्याने सुई ओवता येत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" खरं तर येत नव्हती. एका डोळ्याला लांबी कळते, रुंदी कळते, अंतर कळत नाही. दोरा नेढ्याच्या पुढून नाहीतर मागून जायचा. मग तिने तोड काढली, दोरा आधी सुईला टेकवायचा आणि तिथून सरकवत नेढ्यात घालायचा. चहा ओततानाही किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवायची. घरात आता दिवसभर हे असे टेकण्याचे बारीक आवाज येत, आणि गंमत म्हणजे ते त्याला आवडायला लागले होते. "संध्याकाळी लवकर या," दुकानाच्या पायरीवरून ती म्हणाली, "आणि कागद आणा. सातवा दिवस ऐकायचाय." आवाज नेहमीचा होता. तरी तो पुढच्या चौकापर्यंत दोनदा मागे वळून बघत गेला.

त्याची कचेरी बस डेपोच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखायची, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. ड्रायव्हर मंडळी त्याला पाठीमागे मिनिटराव म्हणत, आणि निवृत्ती जवळ आल्यावर तोंडावरही म्हणायला लागली. त्याला त्याचा राग नव्हता. नावात खोटं काही नव्हतं. कुठल्या थांब्यापासून कुठल्या थांब्याला किती मिनिटं लागतात, शाळा सुटताना किती, पाऊस असताना किती, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. शेवटच्या थांब्याच्या जरा आधी दोन-तीन मिनिटं जास्तीची घालून ठेवायची, कुणाच्या नजरेला येणार नाहीत अशी. वाटेत उशीर झाला तर तो तिथे जिरतो, गाडी वेळेवर पोचते आणि लोकांना वाटतं ड्रायव्हरने कमाल केली. ड्रायव्हर त्यांना चोरमिनिटं म्हणतात. दुसरा नियम याहून साधा. गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते, दार डावीकडे, म्हणून थांबाही डाव्या हाताला. उतारू उतरला की त्याचा पाय थेट फुटपाथवर पडला पाहिजे, त्याला रस्ता ओलांडायला लावायचा नाही. एकतीस वर्षांत त्याने हजार-बाराशे थांबे बसवले असतील, पण एकाही उतारूला त्याने उगाच रस्ता ओलांडायला लावला नव्हता, आणि याचा त्याला मनातल्या मनात फार अभिमान होता.

सहल ही तिची कल्पना. सहा आठवड्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सहज म्हणाली होती, "मी एक यादी केली. उजवाही गेला तर त्याआधी काय काय बघून ठेवायचं, त्याची." त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पण ती पुढे हसून म्हणाली, "यादी अगदीच बारकी निघाली हो. मला वाटलं होतं जग बघायचं असेल. तर लेक, तुम्ही आणि समुद्र. लेक सणकून फोटो पाठवते, तुम्ही समोरच असता. राहिला समुद्र." तोही लांबून, काचेतून नको, मोटारसायकलवरून, काठाकाठाने, कसलीही घाई न करता. लेकीने फोनवर आकांडतांडव केलं, या वयात मोटारसायकल कशाला, सरळ मोटार करून जा. पण त्याच संध्याकाळी त्याने कागद पुढे ओढला होता, आणि सगळं वर्ष अंगावरून उतरल्यासारखं त्याला वाटलं होतं. किती दिवसांनी आपल्या हाताला येणारं काम मिळालं. डोळ्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं, पण नकाशापुढे चालत होतं. नऊ दिवस किनाऱ्याने, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, रमतगमत. नवव्या दिवशी दीपगृह, जिथे किनाऱ्याचा रस्ताच संपतो. मग दोन दिवसांत आतल्या हायवेने घरी. दीपगृह त्याचं स्वतःचं. आयुष्यभर शेवटच्या थांब्यांची नावं लिहिली, पण कधी एखाद्या रस्त्याच्या खऱ्याखुऱ्या टोकाला जाऊन तो उभा राहिला नव्हता. आणि जाताना किनाऱ्याने, येताना हायवेने, हेही त्याने विचार करून ठरवलं होतं. तसं गेलं की समुद्र डाव्या हाताला राहतो. वाटेल तिथे थांबा, उतरा, समोर पाणी. मध्ये एक ट्रक नाही की मोटार नाही. हे सुचलं त्या दिवशी तो शिट्टी वाजवत घरी गेला होता.

अकराच्या सुमाराला एक ड्रायव्हर जिना चढून आला. "साहेब, डावा आरसा गेला. सकाळी खांबाला घासला. नवीन दुपारी बसेल म्हणतात. तोवर काढू का गाडी?"

"डावीकडचं दिसतं का काही?"

"उजवीकडचं झकास दिसतं. डावीकडचं अंदाजपंचे. आणि लोक बघा, नेमके डावीकडेच उभे असतात."

"मग नका काढू," तो म्हणाला आणि वहीत ती फेरी खोडली. ड्रायव्हर जिन्यावर पोचला असेल नसेल, तोच त्याच्या हातातलं पेन थांबलं. नेमके डावीकडेच. त्याने खणातून आराखडा काढला. पानाच्या डोक्यावर त्याच्याच सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: समुद्र डाव्या हाताला. नऊ दिवस. एक समुद्र बघायचा म्हणून ती जन्मात पहिल्यांदा काही मागते, आणि आपण अख्खा समुद्र उचलून तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला नेऊन ठेवतो. तोही शिट्टी वाजवत.

त्याने डाव्या डोळ्यावर तळहात धरला. खुर्ची फिरवून फायलींच्या कपाटामागे घेतली; कपाट म्हणजे आपली स्वतःची पाठ असं धरलं आणि मागे बसल्यासारखा बसला. डावीकडे खिडकी होती, रोजची, डेपोचं पटांगण दाखवणारी. ती नाहीशी झाली. समोर कपाट, डाव्या अंगाला स्वतःचंच नाक. मान वळवली तेव्हा खिडकीची चौकट आली. आणखी वळवली, अगदी शीर ताणेपर्यंत, तेव्हा कुठे पटांगण आलं. मग त्याला तिची हनुवटी आठवली. मोटारसायकल नवीन होती तेव्हा ती मागे बसून हनुवटी त्याच्या डाव्या खांद्यावर टेकवायची आणि फुटपाथवरची गंमत सांगत राहायची. कोण कोणाशी भांडतंय, कुठल्या दुकानाने पाटी बदलली. लग्नानंतरची दोन-तीन वर्षं त्या खांद्याला शर्टाखाली कायम एक उबदार जागा असायची. मधल्या काळात हनुवटी गेली, ओझी आली, लेक आली, लेकीची शाळा आली. या चौदा महिन्यांत मात्र, बाजारापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत जेवढी ती मागे बसली तेवढी, हनुवटी परत आली होती. उजव्या खांद्यावर. तो भार त्याला जाणवला होता, आवडला होता, आणि तरी खांदा का बदलला हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. शेजारच्या तक्रार विभागातल्या बाई चहा घेऊन जाताना थबकल्या. "मिनिटराव, कपाटामागे लपून काय करताय?" "सराव," तो म्हणाला. बाईंनी भुवई उंचावली आणि पुढे गेल्या. तो तसाच हात धरून बसला. लाज वाटत होती. आणि लाजेच्या खाली कुठेतरी, कबूल करायला नको अशी, सहा आठवड्यांच्या मजेची ऊब अजून शिल्लक होती. तिला तो हात लावेना.

मग तो कामाला लागला. काम अवघड नव्हतंच. सगळं उलटं करायचं, बस्स: आधी हायवेने दोन दिवसांत दीपगृह गाठायचं आणि मग किनाऱ्याने घरी यायचं. समुद्र उजव्या हाताला. थांबताना रस्ता ओलांडावा लागेल, पण इलाज नाही. तीन वाजेपर्यंत त्याने अकराच्या अकरा दिवस नव्याने लिहिले, कठड्याचा अर्धा तास सहाव्या दिवसाकडून सातव्याकडे, सातव्याकडून पुन्हा सहाव्याकडे नेला, आणि चार वाजता, एकतीस वर्षांत चौथ्यांदा, वेळेआधी कचेरीतून निघाला.

ती आधीच घरी आली होती. चहा ओतत होती. तोटी कपाला टेकल्याचा टक् आवाज झाला. त्याने नवा कागद तिच्या उजव्या हाताशी ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, आरसा, कपाट, खांदा, सगळं. "मला क्षमा नको करूस," असंही काहीतरी म्हणाला, जे त्याला स्वतःलाच नाटकी वाटलं.

"बसा आधी," ती म्हणाली. "चहा घ्या. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"समुद्र डावीकडे आहे ते. पहिल्याच दिवशी कागदावर वाचलं. दोन रेघा मारल्यायत खाली."

"आणि बोलली नाहीस?"

तिने कप दोन्ही हातांत धरला. "काय बोलू? वर्षभर तुम्ही माझ्याभोवती असे फिरत होतात, जणू मी काचेचं भांडं आहे. डावीकडे सांभाळ, हे जप, ते जप. मी डोळा विसरायचे, पण तुमचं तोंड बघितलं की आठवायचा. आणि मग हा कागद आला. तुम्ही सुटलात की एकदम. उजवीकडून काय चालताय, हातवारे काय करताय, मी मागे राहिले तरी पत्ता नाही. सहा आठवडे तुम्ही माझा डोळा साफ विसरला होतात." तिने कप खाली ठेवला. "फार बरं वाटत होतं हो मला. आज त्या मेल्या सायकलवाल्याने घात केला."

त्याने चहाचा घोट घेतला, तो कढत होता, आणि डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. तिने तिकडे लक्ष नसल्यासारखं करून नवा कागद वाचायला घेतला. खालपर्यंत वाचला. "हे नको," ती म्हणाली.

"का? उजवीकडे येतो की समुद्र."

"आधी दोन दिवस ट्रकांचा धूर खायचा आणि मग समुद्र. शिवाय..." तिने खाली बघितलं. त्याला एकदम जाणवलं की ती हे बोलायचं बरेच दिवस बाजूला ठेवत आली आहे. "शिवाय मला दोन्ही बाजू हव्यात. जाताना डावीकडेच राहू दे. मी बघणार नाही, मान पण वळवणार नाही. तुम्ही मला सांगायचं. पाणी कसं आहे, काय आहे, सगळं. आणि येताना त्याच रस्त्याने यायचं. तेव्हा उजवीकडे असेल, तेव्हा मी बघेन आणि तुम्ही काय काय सांगितलंत ते तपासेन."

"असं कशासाठी?"

"अहो, उद्या उजवाही गेला तर मला कुणीतरी नीट सांगणारं नको का? तुम्हाला कुठे येतं सांगायला? तुम्हाला मिनिटं येतात. आत्ता माझा एक डोळा आहे तोवर शिकून घ्या, चुकलात तर मला कळेल तरी."

हे तिने भाजी आणायची राहिली अशा आवाजात म्हटलं. यादीच्या त्या एका थट्टेखेरीज चौदा महिने ज्या गोष्टीचं नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं, ती तिने टेबलावर ठेवली होती, चहाच्या कपाशेजारी, आणि छत काही कोसळलं नव्हतं. उलट खोलीत जरा जागा झाल्यासारखं वाटत होतं. त्याचं डोकं सवयीने आकडेमोडीला लागलं. किनाऱ्याने जाऊन किनाऱ्यानेच यायचं तर नऊ अधिक नऊ, अठरा दिवस. रजा तेवढी नव्हती. "नाही बसत," तो म्हणाला. "अकरा दिवसांत नाही बसत."

"रजा तेरा दिवसांची टाकलीत," ती म्हणाली. "अर्ज शर्टाच्या खिशात होता, धुवायला टाकताना बघितला. दोन चोरदिवस ठेवलेत तुम्ही."

पकडल्या गेलेल्या माणसासारखा तो हसला. मग पेन्सिल घेतली. सहा दिवस जायचं, सहा दिवस यायचं, एक चोरदिवस. सहाव्या दिवशी कठड्यापर्यंत पोचायचं आणि तिथूनच मागे वळायचं. पेन्सिल कठड्यापुढच्या निळ्या रेघेवरून थोडी सरकली, सातवा, आठवा, आणि दीपगृहावर येऊन थांबली. रस्ता संपतो ती जागा. ती बघत होती. "दीपगृह राहतं मग," ती हळूच म्हणाली. "राहू दे," तो म्हणाला, आणि तिथे बारीक काट मारली. थोडं दुखलं, नाही असं नाही. पण जेवढं दुखेल असं वाटलं होतं तेवढं दुखलं नाही, आणि काट मारून झाल्यावर तो त्याच पेन्सिलीने पाचव्या दिवसाच्या जेवणाची जागा शोधायला लागला.

उजेड होता अजून. "चला," ती म्हणाली, "आजपासूनच सुरुवात." खाली इमारतीच्या मागच्या अंगणात मोटारसायकल उभी असे. त्याने ती मधल्या स्टँडवर चढवली, आरसे पुसले आणि बसला. ती मागे बसली. उजव्या खांद्यावर हनुवटी आली, तिच्या नेहमीच्या वजनाने. "चालू करू नका. मुद्दाम ओरडून पण सांगू नका, हेल्मेटमधलं पुढे बघू. डावीकडे काय आहे?"

"भिंत आहे. साधारण बारा मीटर."

"मीटर नकोत."

त्याने नीट बघितलं. डावीकडे भिंत होती. ही भिंत तो सव्वीस वर्षं रोज बघत होता आणि तिच्याबद्दल त्याला बारा मीटरखेरीज काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं. "पिवळी आहे," तो म्हणाला. "म्हणजे होती. खालून ओल चढलीये, तिथे हिरवट झालीये. वर पोपडे सुटलेत. एका पोपड्याखाली जुना निळा रंग दिसतो. आपण आलो तेव्हा निळी होती नाही का गं?"

"होती. मग?"

"मग पाण्याचा नळ. ठिबकतोय. खाली बादली आहे, कुणाची कोण जाणे. बादलीत आभाळ दिसतंय, तुकडाच, पण हलतंय. मग दोरी. दोरीवर तळमजल्यावरच्या काकांचे दोन शर्ट, उलटे, बाह्या खाली. आणि भिंतीवर मांजर बसलंय. पांढरं."

त्याने उजव्या आरशात बघितलं. तिने दोन्ही डोळे मिटले होते. क्षणभर तो आरशाजवळ वाकला, आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं, आणि तो बोलत राहिला. मांजर कसं बसलंय, शेपूट कुठे आलीये, कान कुठल्या आवाजाकडे वळलाय. किती वेळ बोलला ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. शेवटी तिने डोळा उघडला, खांद्यावरून पुढे वाकून मान पूर्ण डावीकडे वळवली आणि उजव्या डोळ्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"मांजर करडं आहे," ती म्हणाली.

"पांढरंच आहे. सावलीत बसलंय म्हणून तसं वाटतं."

"मग सावली सांगायची राहिली तुमची." हनुवटी परत खांद्यावर टेकली. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

"डावीकडे भिंत आहे," त्याने सुरुवात केली.